नथमलशेठ आणि लोणीचा मान

दुकान उघडलं की गादीवर बसण्याआधी नथमलशेठ पायरीवर येऊन उभे राहायचे आणि रस्त्याने जाणाऱ्या पहिल्या माणसाला रामराम घालायचे. माणूस कोण हे ते बघत नसत. उसाच्या गाडीवर पेंगत चाललेला गडी असो, शाळेकडे निघालेले मास्तर असोत, नाहीतर कालच कापडाचे सगळे ठाण उलगडायला लावून, चार शब्द सुनावून, काहीच न घेता गेलेली बाई असो. रामराम आधी त्यांचा. समोरच्याची मान हलली, हात वर गेला, की मगच ते आत वळायचे. घरात ते जय जिनेंद्र म्हणत. उंबऱ्याबाहेर रामराम.

त्यांच्या वडिलांनी मारवाडातून येऊन पारगावच्या पेठेत पाठीवरचं कापडाचं गाठोडं उतरवलं, त्याला दोन पिढ्या उलटल्या होत्या. शेठ इथेच जन्मले, इथल्याच शाळेत शिकले, इथलंच बोलणं बोलू लागले. तरी ते मुलाला, विपुलला, सांगत, "गाव आपल्या दारी आलं नव्हतं, आपण गावाच्या दारी आलो. म्हणून पहिला रामराम आपला. ज्याचं शिवार त्याचा मान."

लहानपणी विपुलला याची लाज वाटे. वर्गातली पोरं शेठसारखी काळी टोपी नीट केल्याचा अभिनय करून रस्त्यावरच्या म्हशीलासुद्धा वाकून रामराम घालून दाखवायची. त्यातून जानकू नावाच्या एका माणसाचं प्रकरण त्याला फार लागलं होतं. एका लुगड्याचा रंग गेला, त्यावरून जानकूने शेठशी बोलणं टाकलं होतं. दुकानावरून जायचा, पण मान फिरवून. शेठ मात्र त्याच्या पाठीला रोज रामराम घालत राहिले. विपुल चिडायचा. "तो बघतसुद्धा नाही, बाबूजी." शेठ म्हणायचे, "न बघू दे. जातो तर आहे ना रस्त्याने?" एकदा जानकू रस्त्याने जाईनासाच झाला. ओळीने चार सकाळी दिसला नाही, तेव्हा शेठ दुकान बाईंच्या, म्हणजे विपुलच्या आईच्या, मोहनबाईंच्या हवाली करून मळ्यात गेले. जानकू तापाने फणफणून पडला होता. त्याला गाडीत घालून त्यांनीच दवाखान्यात पोचवलं. बोलणं त्यानंतरही फारसं झालं नाही, पण जानकूची मान हलू लागली.

डिप्लोमा करून विपुल पुण्याला नेटवर्किंगच्या क्लासला गेला, त्या वेळी नवं शतक नुकतंच लागलं होतं. एका दुपारी शिकवणाऱ्याने फळ्यावर गोल काढले आणि सांगितलं, की राऊटर म्हणजे रस्ता ठरवणारं यंत्र. रस्ते माणसाने एकेक करून लिहून द्यायचे, नाहीतर यंत्रांना एकमेकांशी बोलून ते शोधू द्यायचे. बोलण्याची जी रीत, तो प्रोटोकॉल. त्यात प्रत्येक यंत्र दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला 'हॅलो' म्हणतं. चार हॅलो चुकले की शेजारी मेला असं धरून चालतं आणि दुसरी वाट शोधतं. विपुल मोठ्याने हसला. का हसलास असं विचारल्यावर त्याला सांगता आलं नाही. पारगावच्या पायरीवरची काळी टोपी त्या वातानुकूलित खोलीत कशी आणायची?

पुण्यात त्याला नोकरी लागली. बरं चाललं होतं. मग एका दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, शेठच्या छातीत कळ आली. कुणीतरी जीप काढली, मंचरला नेलं, तिथून पुण्याला. वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की यापुढे छातीत जरा दुखलं तरी आधी ईसीजीची पट्टी काढायची आणि जाणत्याला दाखवायची. वेळ घालवायचा नाही. विपुल म्हणाला, पुण्याला चला. शेठनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिथे मी सकाळी कुणासमोर उभा राहू?"

तेव्हा विपुलच परत आला. मंचरला 'घोडतीर आरोग्य मंडळ' नावाच्या संस्थेचं रुग्णालय होतं. मंडळाला अवसरी, लोणी, पारगाव आणि जुन्नर तालुक्यातलं बेल्हे अशा चार गावांत लहान केंद्रं काढायची होती. प्रत्येक केंद्रात एक परिचारिका, एक ईसीजीचं यंत्र, एक संगणक. पट्टी काढली की ती मंचरला डॉक्टरांच्या पडद्यावर उमटायला हवी. विपुल मुलाखतीला गेला आणि हे काम करीन म्हणाला. मंडळाला वाटलं, पोरगा मातीच्या ओढीने आला. खरं कारण एवढंच होतं, की पारगावचं केंद्र बाबूजींच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होतं. कळ पुन्हा येणार, हे त्याला ठाऊक होतं. ती येईल त्या दिवशी पट्टी वेळेत डॉक्टरांसमोर पोचावी, एवढ्यासाठी त्याने सगळा खटाटोप मांडला.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे या भागात रेडिओची साधी काठी उभी करायची तरी परवानग्यांची माळ लागते. त्यात एक पावसाळा गेला. मग डोंगरावर टॉवर उभा राहिला आणि चार गावं नि मंचर एका रेडिओच्या छपराखाली आली. पाच राऊटर विपुलने आपल्या हाताने बसवले. प्रत्येकाच्या पाठीला दोन तोंडं. त्यांना इंटरफेस म्हणतात. एक तोंड टॉवरकडे, एक आत केंद्राच्या संगणकाकडे. प्रत्येक तोंडाला वेगळं वळण लावावं लागतं. संगणकाकडच्या तोंडाला त्याने सांगितलं, तू गप्प राहा, तिकडे हॅलो म्हणायला कुणी नाही. टॉवरकडच्या तोंडाला खुणेचा शब्द दिला, परक्या कुणाचा हॅलो घ्यायचा नाही म्हणून. बेल्ह्याचं यंत्र दोन दिवस कुणाशी जुळेना. शेवटी लक्षात आलं, की सगळे दर दहा सेकंदांनी हॅलो म्हणत होते आणि बेल्हे एकटं तीसला. दोघांची लय जुळली नाही, तर ही यंत्रं एकमेकांना शेजारी मानतच नाहीत. दोघंही बोलतात, दोघंही ऐकतात आणि शेजार होत नाही. विपुलने ती एक ओळ बदलली आणि पडद्यावर बेल्ह्याचं नाव उमटलं.

पहिली पट्टी बाबूजींचीच आली. नुसती तपासणी म्हणून. पारगाव केंद्रातल्या अक्षदाने ती काढली. अक्षदा तिथल्याच शेतकरी घरातली, नर्सिंग शिकून आलेली, शेठना 'शेठकाका' म्हणणारी. मंचरला डॉक्टरांनी पडद्यावर बघितलं आणि सांगितलं, ठीक आहे. पुढे दोनदा खरोखरच छातीत जळजळलं. दोन्ही वेळा शेठ आपल्या पायांनी केंद्रात गेले, पट्टी गेली, उत्तर आलं: पित्त आहे, गोळी घ्या, घरी जा. शेठ गिऱ्हाइकांना कापड मापता मापता सांगायचे, "माझ्या छातीतलं मंचरला दिसतं. पोराने लाइन टाकलीय." आणि मीटरपट्टीवर कापड थोडं सैल सोडायचे.

एवढं सगळं सुरळीत चाललं असताना मंडळाची बैठक भरली. विश्वस्तांना हे काम समजावून सांग, असं विपुलला सांगण्यात आलं. त्याने कागदावर पाच गोल काढले आणि या वेळी त्याला पायरीवरची काळी टोपी वापरता आली. "ही पाच यंत्रं एकमेकांना सारखा रामराम घालतात. रामराम चुकला की समजायचं, काहीतरी बिघडलं."

"आनि यांच्यात मुख्य कोन?" गेणभाऊंनी विचारलं. गेणभाऊ लोणीचे. केंद्राला जागा त्यांनीच दिलेली, पत्रेही त्यांचेच.

"पाचही जण पाचही जणांशी बोलत बसले तर नुसता गोंगाट होईल भाऊ. म्हणून ते आपल्यातला एक निवडतात. सगळ्यांनी आपली खबर त्याला द्यायची. तो ती सगळ्यांना सांगतो."

"म्हंजी सरपंच."

"हं. तसंच समजा."

"मंग कोन झालाय?"

विपुलने विचार न करता खरं ते सांगितलं. "सध्या अवसरी."

अवसरीचे विश्वस्त चांगदेव मांडी बदलून ऐसपैस बसले. "आमी काय अर्ज भरला नव्हता बरं का. बिनविरोध झालं."

सगळे हसले. गेणभाऊ हसले नाहीत. "विलेक्शन झालं कधी? आमाला नोटीस न्हाई, काय न्हाई."

"यंत्रं आपापसांत करतात भाऊ. ज्याचा नंबर मोठा तो निवडून येतो."

"नंबर कुनी दिलं?"

"मी."

"मंग तूच पाडलं की आमाला."

"गेणभाऊ," चांगदेव म्हणाले, "आता लोणीचं मशीन रोज उठून अवसरीच्या मशीनला खबर देनार. वाकून द्यायला सांगा, राव!"

त्यावर बैठकीत जे हसू झालं, ते गेणभाऊंच्या चांगलंच मनाला लागलं. लोणी आणि अवसरीचं जुनं होतं. यात्रेतल्या कुस्त्यांपासून सोयरिकीपर्यंत. चहा न घेता ते उठले आणि दारातून म्हणाले, "जागा माझ्या बापाची अन् मान अवसरीचा. लोणीला मुख्य करा, न्हाईतर सोमवारपासून केंद्राला माझं कुलूप."

विपुल त्या शनिवारी पारगावला गेला. दिवस मावळायच्या आत घरात जेवणं होत. ताटावर बसून त्याने ही गंमत म्हणूनच सांगितली. मोहनबाई हसल्या. शेठ जेवायचे थांबले.

"मुख्य झाल्यावर त्या मशीनला जास्तीचं काही मिळतं का?"

"काही नाही. उलट काम वाढतं."

"मग देऊन टाक."

"लोणीत लाइट टिकत नाही, बाबूजी. तिथली बॅटरी तर अर्ध्या तासात मान टाकते. मुख्य असा हवा, जो जागचा हलणार नाही."

"लाइट कुठे टिकते? पारगावात टिकते?" शेठनी भाकरीचा तुकडा मोडला. "गेणभाऊ वाईट माणूस नाही. पण चारचौघांत हसू झालंय त्याचं. कुलूप लावलं तर लोणीच्या बायाबापड्या कुठे जातील? तो मान मागतोय. मान द्यायला आपल्या घरचं काय जातं?"

विपुलला उत्तर सुचलं होतं. पण गावाने दिलेल्या जागेत बसून दोन पिढ्या जगलेल्या माणसाला ते सांगण्याजोगं नव्हतं.

त्या प्रोटोकॉलमध्ये टॉवरकडच्या तोंडाला एक आकडा देता येतो. ज्याचा आकडा मोठा त्याचा मुख्यपणावर हक्क आधी. विपुलने लोणीला सगळ्यात मोठा आकडा दिला, पाचही यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली आणि लोणी मुख्य झालं. गेणभाऊंनी केंद्रात पेढे वाटले. चार दिवसांनी लोणीची वीज गेली. अवसरीने जागा घेतली. वीज आली, लोणीचं यंत्र जागं झालं, पण मुख्य काही झालं नाही. कारण तिथली रीत अशी, की गादीवर बसलेल्याला कुणी उठवत नाही. मोठा असला तरी उशिरा आलेला खाली बसतो. लोणी केंद्राचं संगणकाचं काम भिमाजी बघायचा. लाइन चालू आहे का हे बघायला विपुलनेच त्याला शिकवलं होतं. भिमाजीने बघितलं आणि गेणभाऊंना जाऊन सांगितलं.

"दुपारपत्तुर सरपंच अन् दुपारनंतर शिपाई?" गेणभाऊ फोनवर ओरडले. "ही काय थट्टा लावलीय व्हय, विपुलशेठ?"

असं तीनदा झालं. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज रोज जाणारच होती. चौथ्यांदा विपुलने बाकीच्या चौघांचा आकडा शून्य केला. अवसरी शून्य, बेल्हे शून्य, पारगाव शून्य, मंचरसुद्धा शून्य. शून्याचा अर्थ, हा कधीही मुख्य होणार नाही. दुसरा कुणी मुख्य नसला तरीही नाही. आता लोणी गेलं तर त्याच्या जागी बसायला कुणी उरत नव्हतं. बाकीचे चौघं एकमेकांना रामराम घालत राहतील, पण खबर कुणाजवळ द्यायची हेच कुणाला कळणार नाही. पट्टी जागची हलणार नाही.

हे विपुलला ती ओळ लिहिताना माहीत होतं. लोणीला मोठी बॅटरी द्या, असं त्याने मंडळाला त्याच दिवशी सांगितलं. पुढच्या बैठकीत बघू, असं उत्तर आलं. बॅटरी येईपर्यंत चालवून नेऊ, असं त्याने स्वतःला समजावलं. गेणभाऊ खूश होते. चांगदेव गप्प होते. लोणीची वीज गेली की पाचही गावं आंधळी व्हायची आणि वीज आली की पुन्हा दिसू लागायची. केंद्रातल्या परिचारिकांनाही त्याची सवय झाली. थांबायचं, एवढंच. कुणी तक्रार केली नाही, कारण विजेवर तक्रार करायची हे त्या वर्षी लोक विसरूनच गेले होते.

चैत्रातली गोष्ट. कारखान्याचा गळीत हंगाम सरत आला होता, तोडकरी टोळ्या परतायच्या तयारीत होत्या आणि शेठच्या दुकानात लुगड्यांना गिऱ्हाईक होतं. सकाळी दहाच्या सुमाराला लोणीची वीज गेली आणि जरा वेळाने बॅटरीही संपली. मंचरला विपुलच्या पडद्यावर तीन नावं दिसत होती. अवसरी, पारगाव, बेल्हे. तिघं जिवंत, तिघं रामराम घालणारे, आणि एकाचंही पुढे बोलणं नाही.

त्याने भिमाजीला फोन लावला. "लाइट?"

"न्हाई. दुपारी दोनला यील म्हनत्यात."

"जनरेटर?"

"त्यातलं डिझेल गेणभाऊंच्या पंपाला नेलं, साहेब. सांजच्याला भरून देनार हायेत."

मंचरचं यंत्र समोरच होतं. शून्याच्या जागी एक लिहिला की मंचर मुख्य होणार, सगळं पुन्हा चालू होणार. एका ओळीचं काम. विपुलने ती ओळ लिहिलीसुद्धा. मग डोळ्यांपुढे दुपार आली. लोणीची वीज येईल, भिमाजी पडद्यात बघेल, मुख्य मंचर दिसेल, फोन वाजेल. पुन्हा तेच, पुन्हा तेच कुलूप. दोनपर्यंत थांबू. रोजच थांबतो. त्याने लिहिलेली ओळ अक्षर अक्षर करून पुसली आणि हिशेबाच्या खोलीतला प्रिंटर अडकला होता, तो बघायला गेला.

साधारण त्याच वेळी पारगावला शेठ गादीवरून उठले. गिऱ्हाइकाला म्हणाले, बाई आहेत, त्यांच्याकडून घ्या, मी आलो. आपल्या पायांनी केंद्रात गेले. अक्षदाने पट्टी काढली. पारगावात वीज होती, ईसीजीचं यंत्र चालू होतं, संगणक चालू होता. तिने पट्टी पाठवली. जाईना. पुन्हा पाठवली. मंचरला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गोळी जिभेखाली द्या, झोपवून ठेवा. रुग्णवाहिका बेल्ह्याला बाळंतिणीला आणायला गेलीय, तुम्ही तिथे जीप बघा. आणि पट्टी कशीही करून मला दाखवा.

अक्षदा म्हणाली, "शेठकाका, जीप बोलावते. आपण निघू."

"अहो ताई, मागच्या दोन वेळी काय निघालं? पित्तच ना?" शेठ म्हणाले. "एवढ्या उन्हाचं लोकांची जीप कशाला अडकवायची. आधी पट्टी जाऊ दे."

"लाइन बंद हाय, काका."

"येईल. विपुलची लाइन आहे."

तिने विपुलला फोन लावते म्हटलं, तर त्यांनी हाताने नको म्हटलं. तो कामात असेल. त्या दोघांनी वाट बघितली. किती वेळ, ते अक्षदाला नंतर नीट सांगता आलं नाही. त्यांच्या कपाळावर घाम आलेला दिसला, तेव्हा तिने त्यांना न विचारता बाहेर जाऊन दोन फोन केले. पहिला जीपवाल्याला.

दुसरा विपुलला. त्याचे हात प्रिंटरच्या शाईने काळे झाले होते. "विपुलदादा, लाइन कधी येनार? शेठकाका हितं हायेत. पट्टी जाईना."

विपुल धावत आपल्या खोलीत आला आणि त्याने ती ओळ पुन्हा लिहिली. शून्याच्या जागी एक. एंटर दाबलं. पडद्यावर काही क्षण काहीच झालं नाही. मग एकेक नाव जुळत गेलं. अवसरी. बेल्हे. पारगाव शेवटी. पाठोपाठ डॉक्टरांच्या खोलीत पट्टी उमटली. दारात उभं राहून विपुल डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होता, पट्टीकडे नाही. डॉक्टरांनी टेबलावरून गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

दोघं अवसरीच्या फाट्यापर्यंत पोचले असतील. तिकडून येणारी जीप रस्त्याच्या कडेला उभी दिसली. अक्षदा खाली उतरून उभी होती. तिला काही सांगावं लागलं नाही.

पारगावची पेठ त्या दिवशी बंद राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. अंत्ययात्रेत खांदा द्यायला गेणभाऊ पुढे झाले आणि पलीकडच्या बाजूने चांगदेव. दोघं एका लयीत चालले. लोक म्हणाले, लोडशेडिंगने चांगला माणूस नेला. तिसऱ्या दिवशी उठावण्याला सांत्वनासाठी जमले, तेव्हाही तेच म्हणाले. विपुलला कुणी काही विचारलं नाही. उलट पाठीवर हात ठेवून जो तो सांगत होता, तू होतास म्हणून शेवटी पट्टी गेली तरी.

उठावणं आटोपल्यावर गेणभाऊ त्याच्याजवळ सतरंजीवर बसले. त्यांचे डोळे सुजले होते. "लाइटीनं घात केला, पोरा. बॅटरीचं माझ्या कानावर घालायचं व्हतं. म्या पदरची आनली आसती."

"लाइटीने नाही, भाऊ," विपुल म्हणाला. "लोणी मुख्य राहावं म्हणून बाकीच्या चौघांना मी शून्य केलं होतं. लोणी गेलं की सगळं जात होतं. मला माहीत होतं."

गेणभाऊंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना समजून घ्यायचं होतं, हे दिसत होतं. मग त्यांनी त्याचा गुडघा थोपटला. "मशीनचं काय येवढं मनाला लावून घ्यायचं. मशीनच ते. आपल्या हातात का आस्तंय?"

विपुलला वाटलं, या माणसाने आत्ता आपल्याला मारावं. निदान ओरडावं, जसा तो फोनवर ओरडायचा. पण गेणभाऊ नुसते थोपटत राहिले.

सुतक फिटल्यावर त्याने पाचही यंत्रांचे आकडे नीट लावले. मंचर सगळ्यांत मोठं, कारण तिथल्या जनरेटरमध्ये डिझेल कायम असे. त्याच्या पाठीशी अवसरी. बाकीचे खाली, पण शून्य कुणीच नाही. भिमाजीने ते बघितलं असणार. त्याने कुणाला सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर गेणभाऊ काही बोलले नाहीत. पुढच्या बैठकीत लोणीच्या बॅटरीचा विषय निघाला आणि चर्चा न होता मंजूर झाला. चांगदेवांनी मान खाली घालून हात वर केला. त्यानंतर लोणीची वीज कितीदा गेली, पण लाइन पडली नाही. बेल्ह्याचा एक म्हातारा आणि अवसरीची एक गृहिणी त्या लाइनीमुळे वाचली. मंडळाच्या अहवालात तसं छापून आलं. विपुलने तो अहवाल घरी नेला नाही.

मोहनबाईंनी दुकान विकू दिलं नाही. विपुल मंचरलाच राहिला. पुण्याच्या जुन्या कंपनीतून एकदा विचारणा आली, तेव्हा त्याने नको म्हणून कळवलं. का, हे बाईंनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मायलेकांत एक रिकामी जागा तयार झाली होती आणि दोघंही ती ओलांडत नव्हती. तो फोन करायचा, त्या उचलायच्या, तब्येत विचारून होई, आणि मग दोघं दोन्ही टोकांना गप्प राहायची.

पावसाळ्याच्या तोंडाशी पारगावच्या केंद्रातली एक केबल उंदरांनी कुरतडली. विपुल ती बदलायला गेला. काम झालं, साहित्य पिशवीत भरलं, तरी तो उठेना. अक्षदा औषधांच्या बाटल्या मांडत होती. तिच्या लक्षात आलं. ती हातातलं ठेवून समोरच्या स्टुलावर बसली.

"काय म्हणाले होते?" विपुलने विचारलं. "शेवटी."

"काई नाय, दादा. खरंच काई नाय." तिने ओढणीच्या टोकाने बोटं पुसली. "तुमास्नी वाटंल मी लपवतीय. मी तुमाला फोन करून आत आले, घाम बघून पंखा पाचावर केला. त्येंला सांगितलं, विपुलदादा लाइन लावत्यात. त्यांनी मान हलवली. दुखतंय का म्हनून विचारलं, तर त्याचं काई बोलले नाहीत. माझ्या टेबलाकडंच बघत व्हते. मग म्हनले, 'ताई, पंखा जरा एकावर करा, तुमचे कागद उडतायत.'"